आत्यांच्या हाताचा गुण

ऑफिसात कुजबुज होती, की आत्यांना कसलीतरी सिद्धी आहे. बाई पन्नाशीची, काम संगणकावरचे धडे बनवून वेबवर चढवायचं. त्या दिवशी एका गिऱ्हाईक कारखान्याचे साहेब त्यांच्यासाठी बनवलेला सुरक्षेचा नवा धडा बघायला बसले, तर चित्रं हलतायत पण आवाज फुटेना! पसंत पडला नाही तर वर्षभराचं काम हातचं जाणार. मॅनेजर घाईघाईनं ओरडले,

“कुणी हात लावू नका, आणखी बिघडेल!”

“अहो, हात लावला नाही म्हणूनच रुसलाय तो,” म्हणत आत्यांनी पानावर एकदा क्लिक केलं. धडा खणखणीत बोलू लागला आणि साहेबांनी तिथेच होकार दिला.

खरं एवढंच, की कुणी क्लिक करेपर्यंत ब्राउझर आवाज सुरू होऊ देत नाही.