न पाहिलेल्या माहितीपटाची शिफारस

तो माहितीपट मी पाहिला नव्हता. तरी ‘मी स्वतः पाहिला आहे’ असं छापून आणलं. इथूनच सुरुवात करतो. बाकीचं मी आजवर कोणाकोणाला तुकड्यातुकड्यानं सांगत आलो आहे, ‘पाहिला नव्हता’ हे वाक्य तेवढं गाळून.

गेल्या वर्षी नातवानं मोबाइलवर एका महोत्सवाची माहिती दाखवली. जुन्या माहितीपटांच्या यादीत आमचाही होता, आणि खाली शिफारशीच्या दोन ओळी: ‘पतीच्या वाटेकडे डोळे लावून कशिदा काढणारी बंजारा स्त्री.’ तेव्हापासून झोप धड नाही. कोणता पती? ती विधवा होती.

एकोणीसशे साठनंतरची पहिली काही वर्षं. आर्णीपासून सायकलच्या अंतरावर एका तांड्यात मी एकटा शाळा चालवत असे. शनिवारी शाळा सुटली की यवतमाळची एसटी धरायची आणि तिथल्या एका साप्ताहिकाला मजकूर नेऊन द्यायचा: या आठवड्यात टॉकीजमध्ये कोणता नवा माहितीपट आला, तो का पाहावा. त्या वेळी मुख्य सिनेमाआधी सरकारी माहितीपट दाखवावाच लागे. कधी धरण, कधी गव्हाचं बियाणं, कधी आगगाडीचे डबे. लोक तेवढा वेळ बाहेर विड्या ओढत उभे राहत आणि माझा जीव तुटे. आर्णीच्या उरुसात तंबूतली टॉकीज लागे. तिच्या मालकाला सगळे चाचा म्हणत. ते मला पाहिलं की हसत.

“लिव्हा मास्तर, लिव्हा. तिकडं भजेवाला तुम्हाले दुवा देऊन राह्यला. तुमची डाक्युमेंट्री लागली का अख्खं पब्लिक त्याच्या गाड्यावर!”

अशात मुंबईहून तिघं जण आले. बंजारा बायकांच्या कशिद्यावर त्यांना माहितीपट करायचा होता. मला बंजाऱ्यांची गोरबोली येत होती, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. कॅमेऱ्याची पेटी उचलायला मिळाली तरी मला धन्य वाटत होतं.

कशिदा काढणाऱ्या बायका तांड्यात पुष्कळ होत्या, पण दिग्दर्शकाच्या नजरेत भरली ती एकच. वय बावीस-तेवीस. नवरा तापानं गेलेला. मुलगी माझ्या पहिलीच्या वर्गात. सासऱ्याचं म्हणणं, हिनं धाकट्या दिराच्या घरात जावं. तिनं नकार दिला होता आणि मुलीला घेऊन वेगळ्या झोपडीत राहत होती. तांड्याचा रिवाज असा, की विधवेनं बाहेरचं घर केलं, म्हणजे सासरबाहेरचा दुसरा नवरा केला, तर मूल पहिल्या घरी राहतं. तिनं कुठलंच घर केलं नव्हतं, म्हणून मुलगी तिच्याजवळ होती. हे सगळं मला माहीत होतं. अगदी नीट माहीत होतं.

कापसाच्या वेचणीचे दिवस, तांडा रिकामा. नाल्याकाठी पळसाच्या सावलीत तिला बसवलं. दिग्दर्शकानं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मान हलवली. “मास्टरजी, चेहरा सूना लग रहा है. वो चाँदी के झुमके जैसा क्या होता है, वो पहनाइए.”

त्याला घुगरी हवी होती. कानांजवळ केसांत गुंफलेले चांदीचे झुबके, गालांवर लोंबणारे. मुंबईवाल्यांसाठी आर्णीच्या सोनाराकडून मीच एक जोड भाव करून आणला होता, कॅमेऱ्याच्या पेटीत पडून होता. घुगरी नवरा असलेल्या बाईनंच घालायची. नवरा गेला की काढायची. मी ती जोडी घेऊन तिच्याकडे गेलो.

“नाही गुरुजी. मले चालत नाही ते.”

“थोडा वेळच. उन्हात चांदी चमकते, एवढंच त्याहीले पाह्यजे.”

“नाही म्हन्लं ना. तांड्यातल्या कोनी पाह्यलं तं?”

“अवो, हे दिल्लीले दाखवतीन, फॉरेनले दाखवतीन. इथं कोन पाह्यते?”

तिनं हातातली सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाली, “तुम्ही म्हन्ता म्हून.” घुगरी तिनं स्वतःच बांधली.  काम झाल्याबरोबर काढून माझ्या हातात दिली.

पुढच्या हिवाळ्यात दिग्दर्शकानं कळवलं, की माहितीपट तयार झाला, दिल्लीच्या महोत्सवासाठी त्याची शिफारस झाली, आणि आभाराच्या पाटीत माझं नाव आहे. मी वेडा झालो. घुगरी डोक्यातून गेली, तिला दिलेला शब्द गेला. पडद्यावर माझं नाव, एवढंच उरलं. साप्ताहिकात दीड रकाना लिहिला. न पाहिलेल्या चित्रांची वर्णनं केली. ‘या वेळी भजी नंतर खा’ असाही टोमणा मारला. चाचांच्या मागं लागून उरुसात तो माहितीपट मागवला. तेवढ्यावर न थांबता तांड्यात जाऊन नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, म्हणालो, “सगळे चला. तुमचाच सिनेमा आहे.”

बैलगाड्या जुंपून तांडा आला. ती पण आली. बायकांच्या बाजूला, मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. पहिल्यांदाच माहितीपटाला एकही माणूस तंबूबाहेर गेला नाही. मी मागं उभा, छाती फुगलेली.

आणि पडद्यावर तिचा चेहरा आला. तंबूच्या उंचीएवढा. दोन्ही गालांवर घुगरी डुलत होती. निवेदक हिंदीत म्हणाला, की ही सुहागन परदेशी गेलेल्या नवऱ्यासाठी चोळी भरते आहे.

मुलगी टाळ्या पिटत ओरडली, “याडी! माझी याडी!” आईला ओळखलं होतं तिनं. तांड्याच्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. तिची आई उठून बाहेर गेली. मी तिच्यामागं गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी नायकाच्या दारापुढं पंचायत बसली, मलाही बोलावलं होतं. आपसात ते गोरबोलीत बोलत होते, मला कळावं म्हणून नव्हे, पण कळत होतं. सासरा पुनःपुन्हा एकच विचारत होता, “कोणाच्या नावाची घुगरी घातली? त्याचं नाव सांग.”

ती म्हणाली, “कोणाच्या नावाची नाही. गुरुजींनी दिली. पेटीतली होती.”

नायक माझ्याकडे वळून वऱ्हाडीत म्हणाला, “बोला गुरुजी. तुमच्या शब्दावर आहे. तुम्ही देल्ली का?”

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मास्तरनं विधवेला घुगरी दिली, याचा दुसरा अर्थ निघायला किती वेळ लागतो? माझं लग्न ठरलेलं. बदली, चौकशी, सासुरवाडी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि मनात हेही होतं, की माहितीपट खोटा ठरेल, मी केलेली शिफारस खोटी ठरेल. मी म्हणालो, “मी तवा तिथं नव्हतो. मुंबईवाल्याहीनं काय केलं, मले ठाऊक नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नायकानं मात्र बराच वेळ पाहिलं. मग निवाडा झाला: हिनं कोणाचं तरी घर केलं आहे, नाव सांगत नाही. ज्याचं केलं त्याच्याकडे जावं. मुलगी आजोबांकडे राहील.

ती वणीकडे भावाजवळ गेली. तो कोळशाच्या खाणीवर कामाला होता. दोनदा ती आर्णीच्या बाजाराच्या दिवशी आली आणि शाळेच्या दारात उभी राहिली. मी मुलीला बाहेर सोडलं. दोघी भिंतीला टेकून बसत, गूळ-फुटाणे खात. दुसऱ्या खेपेला निघताना ती मला म्हणाली, “गुरुजी, आता तरी सांगा ना त्याहीले.”

“पाहतो,” मी म्हणालो.

आजोबांना या भेटी कळल्या आणि त्यांनी मुलीची शाळा बंद केली. मी त्यांच्याकडे गेलो होतो, सांगायचं ठरवूनच. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. मी मुलीच्या हजेरीबद्दल बोललो आणि परत आलो. वर्षभरात माझी बदली कळंबला झाली. मी मागून घेतली होती.

ती मुलगी आज असेल तर म्हातारी झाली असेल. तुझ्या आईनं कोणाचंच घर केलं नव्हतं, बाई. घुगरी मी दिली, ती दोनदा नाही म्हणाली, मी तिथंच होतो. पण दुसरीतून शाळा सुटलेली तू हे वाचणार कसं? तिच्या जवळपासचं कोणी हे वाचत असेल, तर तिला वाचून दाखवा.