सासऱ्यांच्या राजाची उडी

बुद्धिबळाच्या डब्यातल्या कापराचा वास आला की मी थेट सिल्लोडला पोचतो, मुलगी बघायला गेलो होतो त्या दुपारी. मुलीच्या वडिलांना जावई बुद्धिबळ खेळणाराच हवा होता, म्हणून मी आदल्या दिवशी मित्राकडून सोंगट्यांच्या चाली शिकून गेलेलो. मी शह देणार, तोच त्यांनी राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला. “राजा एकच घर चालतो!” मी ओरडलो. लग्न मोडलंच म्हणायचं! “आमच्यात शह बसायच्या आधी राजाला एक उडी असती, पाव्हणं,” ते म्हणाले. “मग आधी सांगायचं की, बाबा!” पडद्याआडून मुलगी म्हणाली. ते खदाखदा हसले. “पोराला खेळता नाय येत, पण भांडता येतं. हिच्यापुढं टिकंल.” टिकलोय! फक्त बायकोनं पट मांडला, की आधी नियम विचारून घेतो.