तिरडी बांधणारा उमेदवार

मी लिहिलेल्या दोन ओळींमुळे एक चांगला माणूस नापास झाला. या गोष्टीचा राग मला अजून आहे, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

मी मिरजेत नर्स होते. निवृत्त झाल्यावर आमच्या चर्चच्या लोकांनी मला एका कमिटीवर घेतलं. ज्या गावात ख्रिस्ती मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, नाही, तिथं नवी मंडळी सुरू करायला कोण लायक आहे, हे ही कमिटी ठरवते. आम्ही तिघं. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, दुसरे पुण्याहून येणारे प्रशिक्षक आणि तिसरी मी. मला का घेतलं ते पहिल्याच बैठकीत कळलं. उमेदवाराच्या बायकोशी बोलायला एक बाई हवी होती. उरलेला वेळ मी चहा आला का ते बघायचं.

पण मी नुसती बायकोशी बोलून परत येत नसे. वॉर्डात एक गोष्ट शिकले होते. पेशंटचे नातेवाईक कसे आहेत हे डॉक्टरला विचारून कळत नाही, झाडू मारणाऱ्या मावशीला विचारावं. म्हणून मी उमेदवाराच्या गावात जाऊन आपली माणसं सोडून बाकीच्यांकडे चौकशी करायची. आपल्या माणसांत काय, कुणीही गोड असतो.

हा उमेदवार कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. सहा दिवस मशीनवर, आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मोटरसायकलवरून जत तालुक्यातल्या आपल्या गावी. तिथं मेंढरांच्या वाड्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये सात घरं दर रविवारी प्रार्थनेला जमत. तीन वर्षं जमत होती. पण कमिटीची मंजुरी नसेल तर पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, तिथं जात नाहीत. मग बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही. म्हणजे ती सात घरं आमच्या एका कागदासाठी ताटकळली होती.

मी गेले तेव्हा गावात टँकर आला होता आणि बायका घागरी लावून उभ्या होत्या. मी पिठाच्या गिरणीत शिरले. गिरणीवाला अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत होता. हा माणूस कसा आहे, विचारलं. त्यानं पट्टा बंद केला, हात पुसले आणि म्हणाला, "कुणाच्या बी घरात मयत झालं की पयला त्योच येतो. तिरडी बांधावी तर त्यानंच. दुसऱ्या कुणाला गावात नीट येत न्हाई. आमचा बाप गेला तवा कुपवाडास्नं पाळी टाकून आलता."

पुढं तीन घरांत हेच ऐकलं. वेळू कापून आणायचे, आडव्या कामट्या सुंभानं आवळायच्या, वर कडबा पसरायचा, खांदा द्यायचा. सरण पेटलं की तो बाजूला उभा राहतो, डोळे मिटतो, पूजेला हात लावत नाही. तो येशूचा झाला हे गावाला माहीत होतं आणि कुणाची तक्रार नव्हती. परतीच्या गाडीत मी हरखून गेले होते. एवढ्या वर्षांत इतकी चांगली शिफारस कुठल्या उमेदवाराला मिळाली नव्हती. ती दोन ओळींत मी अहवालात लिहिली, आणि खाली रेघ ओढली.

मुलाखती साताऱ्यात एका हॉलमध्ये होत्या. फॉर्मवर उमेदवारात हवेत असे तेरा गुण, प्रत्येकापुढं पाच चौकोन. फॉर्म कुठल्या तरी परदेशी पुस्तकातून उतरवलेला, आणि उतरवणाऱ्यानं उभ्या जन्मात जत पाहिलं नसावं. प्रशिक्षकांनी विचारलं, ताणतणावानंतर आपण स्वतःला पुन्हा ताजंतवानं कसं करता? तो म्हणाला, आंघोळ करतो. मला हसू आलं. प्रशिक्षकांनी एका चौकोनात खूण केली, आणि ती वरच्या चौकोनात नव्हती.

तरीही तो पास होत होता. मग अध्यक्षांनी माझा अहवाल उघडला. मी रेघ ओढलेली ती ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली आणि चष्मा काढला. हा तर अन्यधर्मीयांच्या अंत्यविधीत सहभाग झाला, म्हणाले. प्रशिक्षकांनी मान डोलावली. ‘स्पष्ट साक्ष’, म्हणजे वागण्यातून विश्वास दिसणं, या गुणापुढं शून्य पडलं, आणि तिथं शून्य म्हणजे नापास. मी सांगितलं, अहो, ही त्याची साक्षच आहे, गाव त्याला त्यामुळेच आत घेतं. अध्यक्ष म्हणाले, बाई, भावनेच्या भरात जाऊ नका. पस्तीस वर्षं मी मेलेल्यांचे डोळे मिटले, आणि हा माणूस मला भावना शिकवतो.

निर्णय एकमताचा लागतो. मी सही केली नसती तर अडला असता. पण साडेचारची मिरज गाडी होती, पाय सुजले होते, आणि अध्यक्षांनी मधली वाट काढली होती: यापुढं तिरडी बांधणार नाही असं त्यानं लिहून द्यावं, मग वर्षानं पुन्हा बघू. मी सही केली. मूग गिळून बसणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली, आणि वेळ आली तेव्हा मीही गाडी पकडली.

तो कागद त्याच्याकडे न्यायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. शेडच्या दाराशी बसून त्यानं तो दोनदा वाचला. त्याला राग आला नाही, याचाच मला राग आला. शेजारी त्याची आई शेंगा फोडत होती. ती ख्रिस्ती झाली नव्हती, बिरोबाचीच होती.

तो एवढंच म्हणाला, "सिस्टर, आई अजून त्यांच्यातलीच हाय. उद्या तिचं काय झालं तर तिरडी कुणी बांधायची?"

म्हातारीनं शेंगा सुपात टाकल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "करू दे त्याला सई. तुमचं मंजूर हुईस्तवर मी काय मरत न्हाई."

ती हसत होती. सात घरांसाठी ती आपलं मरण पुढं ढकलायला तयार होती. मी कागद त्याच्या हातातून घेतला, घडी करून पिशवीत ठेवला आणि तसाच बिनसहीचा परत नेला. अध्यक्षांनी नुसतं ‘अर्ज प्रलंबित’ लिहिलं.

म्हातारी माघात गेली. निरोप आला तशी मी जतची गाडी धरली. अंगणात तो उकिडवा बसून सुंभ आवळत होता, मान वर केली नाही. आत बायकांनी पाणी तापवलं होतं. मी पदर खोचला आणि त्यांच्याबरोबर तिला आंघोळ घातली, केस विंचरले, जबडा बांधला. मग सगळ्यांबरोबर वेशीपर्यंत चालत गेले. ती सात घरंही होती, अजून पाळकाविना.

घरी येऊन मी अध्यक्षांना हे सगळं लिहून कळवलं. त्याला लावलेला नियम मला लावा आणि माझं नाव कमिटीतून काढा, असं लिहिलं. चार दिवसांनी फोन आला. आवाज अगदी मऊ.

"बाई, तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही थोड्याच कुठं मंडळी सुरू करणार आहात."

मी फोन ठेवला. कपाटातून एक कोरा फॉर्म काढला आणि उमेदवाराच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. गावाच्या जागी त्याचंच गाव. ‘समाजातील काम’ या रकान्यात लिहिलं, मयताला आंघोळ घालते. ‘पत्नीचा पाठिंबा’ या रकान्यात रेघ मारली. फॉर्म रजिस्टर पोस्टानं साताऱ्याला पाठवला. पोच आली आहे, मुलाखतीचं बोलावणं अजून आलेलं नाही.