बंद घरातलं पाणी

सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या घराचा ताबा आम्हाला जूनच्या शेवटच्या आठवड्यात मिळाला. आषाढ लागायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. तारीख विकणाऱ्याच्या आणि बँकेच्या सोयीने ठरली होती, त्यात पंचांगाला कुणी विचारलं नव्हतं. पुण्याहून आईचा फोन आला.

"आषाढात नव्या घरात शिरायचं नाही. सामान पुढे सावकाश न्या, पण दूध आधी उतू जाऊ दे."

म्हणून एका संध्याकाळी बायको हॉस्पिटलच्या लॅबमधून आणि मी ऑफिसातून परस्पर तिकडे पोहोचलो. रिकाम्या स्वयंपाकघरात, दुसऱ्याने वापरलेल्या शेगडीवर, लहानशा पातेल्यात दूध ठेवलं. ते उतू गेलं, शेगडीवर जळलं आणि छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला. मी झाडूच्या दांड्याने त्याचं बटण शोधत असताना शेजारचा म्हातारा ड्रेसिंग गाऊनवर दारात आला. "यू राइट, मेट?" बायकोने त्याला पेढा दिला. तो त्याने वास घेऊन खिशात ठेवला.

वेस्टमीडच्या भाड्याच्या युनिटचा, म्हणजे फ्लॅटचा, करार जुलैअखेरपर्यंत होता. आधी सोडलं तरी भाडं भरावं लागलं असतं, म्हणून महिनाभर तिथेच राहायचं आणि नवं घर कुलूप लावून ठेवायचं असं ठरवलं. वीज आणि पाणी मात्र ताब्याच्या दिवसापासून आमच्या नावावर होतं.

आम्ही घरात चौघं होतो. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि बायकोच्या मामेबहिणीची मुलगी. ही भाची मास्टर्स करायला आली होती आणि आमच्या हॉलमध्ये पडद्याआड झोपत होती. ती वर्षंच विद्यार्थ्यांची होती. दर सेमिस्टरला नवे चेहरे ट्रेनमधून उतरत. स्टेशनबाहेरच्या खांबावर 'शेअरिंगसाठी जागा' अशा चिठ्ठ्या एकीवर एक चिकटवलेल्या असत, आणि आमच्याच इमारतीत दोन खोल्यांच्या एका युनिटमधून सकाळी आठ जण बाहेर पडताना मी पाहिले होते. भाचीच्या वडिलांनी त्याबद्दल ऐकलं होतं. त्यांची अट साधी होती. ते मला फोनवर म्हणाले होते, "तुमच्या घरात राहणार असेल तरच ती तिकडे शिकेल. नाहीतर मी तिकीट पाठवतो, परत यायचं." नव्या घरात तिसरी खोली तिच्यासाठी धरली होती.

मी पाणीपुरवठ्याच्या पाइपांचं डिझाइन करतो. त्यामुळे कुठल्याही घरात गेलो की आधी मीटर बघतो. ताब्याच्या दिवशी मी आकडा लिहून घेतला होता. पहिल्या शनिवारी पुस्तकांचे खोके ठेवायला गेलो तेव्हा तो थोडा पुढे गेला होता. दूध, हात-पाय, पुसापुशी असं धरून सोडून दिलं. दुसऱ्या शनिवारी पाहिलं तर मीटर एका माणसाच्या आठवडाभराच्या आंघोळी होतील इतका पुढे होता.

गळती असेल असं वाटलं. सगळे नळ बंद करून मी मीटरवरचं छोटं चक्र अर्धा तास बघत बसलो. ते जागचं हललं नाही. म्हणजे पाणी कुणीतरी वापरत होतं.

पहिला संशय शेजाऱ्याचा. दुष्काळामुळे बागेला पाइपने पाणी घालण्यावर बंधनं होती आणि त्याचे गुलाब भर हिवाळ्यात जरा जास्तच तरतरीत दिसत होते. पण आमच्या अंगणातला नळ गंजून घट्ट बसला होता, तो मलाच फिरला नाही. मग जुना मालक. त्याच्याकडे जादा चावी असणारच. मग एजंट. कुलूप बदलायला हवं होतं. ते मी घर हलवण्याच्या दिवसावर ढकललं होतं, कारण कुलूपवाल्याला दोनदा बोलवायचं नव्हतं.

मग मी स्वयंपाकघरात गेलो. पूर्वेकडच्या खिडकीच्या कठड्यावर, जिथे सकाळचं ऊन पडतं, तिथे तेलाचं एक गोल वळं उमटलं होतं. बोट लावून हुंगलं. खोबरेल.

सिडनीच्या थंडीत खोबरेल गोठतं. गोठलेल्या तेलाची बाटली खिडकीत उन्हाला ठेवणारा माणूस ना ड्रेसिंग गाऊनवाला म्हातारा असतो, ना तो एजंट. तो आपल्यातलाच असतो. आणि आमच्या युनिटमध्ये अशी बाटली रोज हीटरजवळ ठेवणारी, कमरेपर्यंत केस असलेली एकच व्यक्ती होती. नव्या घराची दुसरी चावी युनिटच्या दारामागे खिळ्याला असे, हेही तिला माहीत होतं.

रात्री जेवताना मी फक्त मीटरचं बोललो.

"फ्लशची टाकी गळत असेल," बायको लगेच म्हणाली.

"गळती नाही. मी तपासलंय."

"मग मीटरच बिघडला असेल." तिने विषय मुलीच्या मोज्यांवर नेला. भाची ताटाकडे बघत भात कालवत राहिली. तेलाच्या वळ्याचं मी बोललो नाही. जे कळलंय ते सगळं एकदम सांगू नये, असं त्या क्षणी मला वाटलं.

पुढचे दिवस मी भाचीवर नजर ठेवली. ती कॉलेजला सुट्टी असूनही बाहेर जाई. फोन आला की बाल्कनीत जाऊन हिंदीत बोले, मी आलो की "चल, बाद में" म्हणून ठेवून देई. रिकाम्या घराचा अर्थ मला माहीत होता. आठ जणांच्या युनिटमध्ये राहणाऱ्या मुलांना रिकामं घर दिसलं की काय होईल? तिने तिथे कुणाला ठेवलं असेल, कोण मुलगा असेल, तर तिच्या वडिलांना मी काय तोंड दाखवणार होतो? आणि असं काही असेल तर तिला तिसरी खोली देता येणार नव्हती. मी तिला ठेवलं नाही तर तिचं तिकीट येणार, हेही ठरलेलं. बर्फाच्या सहलीहून परतल्यावर तिच्या वडिलांना नक्की काय ते सांगायचं, असं मी स्वतःशी ठरवलं.

सहल शाळेच्या सुट्टीसाठी आधीच बुक केली होती. शुक्रवारी पहाटे निघालो. कॅनबेरा मागे पडलं, पिवळ्या गवताचे उघडे माळ सुरू झाले. टेकडीवर पांढरं काहीतरी दिसलं म्हणून मी मुलीला हाक मारली.

"बाबा, दॅट्स नॉट स्नो. दॅट्स शीप."

भाची खदखदून हसली. आरशात मी तिचा चेहरा पाहिला. लपवण्यासारखं काही असलेली मुलगी इतकी मोकळी हसेल का, असा विचार आला. आणि लगेच दुसरा आला, की सरावलेली असेल तर हसेलही.

जिंडाबाइन गावाच्या पुढे रस्ता चढायला लागला आणि पावसाचा बर्फ झाला. बारीक, ओला, काचेवर चिकटणारा. आमच्यासारख्या साध्या गाडीला, घसरू नये म्हणून, चाकांना साखळ्या लावणं सक्तीचं होतं. रस्त्याच्या कडेला त्यासाठी राखलेल्या जागेत गाडी थांबवली. बायको आणि मुलगी हीटर लावून आत बसल्या. मी खाली उतरलो आणि भाची मदतीला आली. भाड्याने आणलेली साखळी मी बर्फावर पसरली. घरी कोरड्या जमिनीवर सराव केला होता, पण इथे बोटं ऐकेनात.

"काका, हा हूक आतल्या बाजूने ना?"

"आतल्या. धरून ठेव. सोडू नको."

ती गुडघे टेकून हूक धरून बसली. तिच्या हातात जाड, चांगले, नवे हातमोजे होते. आमच्या घरात असे कुणाकडे नव्हते.

"हे कुणाचे?"

"मैत्रिणीचे. तिच्या भावाने पाठवलेत."

तेवढ्यात तिच्या जॅकेटच्या खिशात फोन वाजला. दोन्ही हात अडकलेले. ती खिशाकडे बघत राहिली, फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

"घे की."

"नको, काका. हूक सुटेल."

"हूक मी धरतो. फोन घे. नाहीतर मला सांग, आपल्या नव्या घरात कोण राहतंय?"

फोन थांबला. तिच्या टोपीवर बर्फ साचत होता. तिने हूक सोडला नाही, हे मला आजही आठवतं.

"मावशीला विचारा," ती म्हणाली.

हे उत्तर माझ्या हिशेबात नव्हतं. साखळी तशीच सोडून मी गाडीचं दार उघडलं. गार वारा आत गेला तशी मुलगी ओरडली, "बाबा, क्लोज द डोर!"

"नव्या घराची चावी कुणाकडे आहे?" मी बायकोला विचारलं.

"आधी आत तरी ये."

"चावी."

बायकोने चहाच्या थर्मासचं झाकण लावलं. "आईंनी सांगितलं होतं. दूध उतू गेलं की घर अंधारात ठेवायचं नाही, रोज तिन्हीसांजेला दिवा लागला पाहिजे. माझी शिफ्ट, तुझी ट्रेन. कोण जाणार रोज? मी हिला सांगितलं."

"आई मला नाही बोलली."

"तुला सांगितलं असतं तर तू इन्शुरन्सचे कागद वाचून दाखवले असतेस. त्यांनी मलाच म्हटलं, त्याला सांगू नकोस, उगाच घोळ घालेल."

भाची माझ्यामागे येऊन उभी होती. तिच्याकडे वळून मी म्हटलं, "आणि दिव्याला आंघोळ लागते?"

"मी तीन-चार दिवस गेले, काका. मग मला कॅफेत संध्याकाळचं काम मिळालं. म्हणून मैत्रिणीला सांगितलं. ती ज्या घरात राहायची ते मालकाने विकलं, सगळ्यांना बाहेर काढलं. ती कुणाकुणाच्या सोफ्यावर झोपत होती. म्हटलं, दिवा लाव आणि आंघोळ वगैरे करून घे."

"हे मला माहीत नव्हतं," बायको म्हणाली, आणि आता तिचाही आवाज बदलला. "मैत्रीण? अगं, मी तुला सांगितलं होतं, तुलाच."

म्हणजे आईने बायकोला सांगितलं, बायकोने भाचीला, भाचीने मैत्रिणीला. प्रत्येकीला फक्त पुढची माहीत होती. आणि आम्ही सिडनीपासून सहा तासांवर असताना, मी कधीही न पाहिलेली कुणी मुलगी त्या संध्याकाळीही माझ्या कुलपातल्या घरात तेलाचा दिवा लावणार होती.

"लाव फोन तिला. स्पीकरवर."

पलीकडून घाबरलेला, हैदराबादी वळणाचा आवाज आला. "नमस्ते अंकल. दिया मैं सिंक में रखती हूँ, पानी भर के. बुझने तक बैठी रहती हूँ. आपके घर को कुछ नहीं होता, अल्लाह कसम... मतलब, भगवान कसम."

बायकोने तोंडावर हात ठेवला. आईला हे कळलं तर, असंच तिच्या डोक्यात आलं असणार. मला मात्र वेगळं वाटलं. दिवा पाण्यात ठेवण्याचं तिला सुचलं होतं, आमच्यातल्या कुणी ते सांगितलं नव्हतं.

"अकेली हो?"

"जी अंकल."

"कोई और आता है?"

"जी नहीं."

"आजपासून दिवा नको. बल्ब लावा, बल्ब," असं मी मराठीतच म्हणालो. तिला कळलं की नाही कोण जाणे, पण "जी" म्हणाली.

साखळ्या लागल्या. वर पोहोचलो तेव्हा बर्फ इतका होता की मुलीचे बूट आत शिरून बाहेर येईनात. तिने आणि भाचीने बर्फाचा एक बेढब बाहुला केला आणि बायकोचा मफलर त्याला घातला. मी बाकावर बसून विचार करत होतो. मुलगा नव्हता. चोरी नव्हती. पण मला विचारल्याशिवाय माझ्या घराची चावी तीन हातांतून फिरली होती, आणि मी थेट विचारेपर्यंत एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. भाची खरं बोलली होती का? की विचारलं तेवढंच बोलली होती?

संध्याकाळी लॉजवर माझा फोन वाजला. भाचीचे वडील. दर आठवड्याला त्यांचा फोन असायचाच. हीटरपाशी वाळत घातलेल्या मोज्यांमागे भाची बसली होती. नंबर बघूनच तिने पाय पोटाशी घेतले.

"काय म्हणते आमची मुलगी?"

सगळेजण माझ्याकडे बघत होते, मुलगीसुद्धा.

"ठीक आहे. महिन्याअखेर आम्ही नव्या घरी जातोय. तीही येतेय."

"खोली वेगळी आहे ना?"

"आहे. तिसरी खोली तिचीच."

"आणि मैत्रिणी वगैरे? नीट आहेत ना?"

"एकीशी आज मी स्वतः बोललो."

"तुम्ही आज इतकं मोजकं का बोलताय?"

"इथे बर्फ पडतोय हो. जबडा हलत नाही. घ्या, तिच्याशीच बोला."

भाचीने फोन घेतला. दोन वाक्यांत आवाज सावरला. मग खुलला. "हो पप्पा... हो, छान आहे खोली. खिडकी आहे मोठी. मागे झाड आहे... नाही हो, शांत कसली! सकाळी सहाला काकाटू, ते मोठे पांढरे पोपट, येऊन बसतात त्या झाडावर, इतके ओरडतात की झोपूच देत नाहीत."

"सहाला?" मी म्हटलं. माझ्या माहितीप्रमाणे त्या घरात आमच्यातल्या कुणी अजून एक रात्रही काढली नव्हती.

ती खिडकीकडे तोंड करून बोलत राहिली. बायको उठली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तिने विचारलं, "चहा टाकू का रे?"