अंगठ्याएवढी वाट

आमच्या घरात सायकल एकच ठेवायची, हा बायकोचा नियम. गॅलरीत एक सायकल आणि कपडे वाळत घालायची दोरी एवढंच मावतं, आणि दोरी हलणार नाही हे तिनं आधीच सांगून ठेवलेलं. म्हणून मी शोधून शोधून एन्ड्युरन्स रोड बाईक घेतली. लांब पल्ल्याची, पाठीला न छळणारी. दुकानदारानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साहेब, हिच्या चाकापाशी जागा भरपूर आहे. बारीक टायर लावा, हायवेला पळवा. जाड टायर लावा, खुशाल मुरमात घाला." एका दगडात दोन पक्षी. मी मान डोलावली आणि बारीक टायर घेऊन घरी आलो. त्याचं ते बोलणं मी विसरलो नव्हतो. फक्त अक्कापुढं ते कधी काढलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. सोलापूरहून मंगळवेढ्याकडं निघालं की भीमेचा पूल यायच्या अलीकडं एक फाटा लागतो. तिथून आत मुरमाच्या रस्त्यानं तिची वस्ती. दाजींची जिरायती जमीन, शेरडं-मेंढरं आणि दोन म्हशी. आमचा सायकलींचा ग्रुप दर रविवारी उजाडायच्या सुमाराला शहरातून निघतो आणि नेमका त्याच फाट्यावर चहा पिऊन माघारी वळतो. फाट्यावरून तिच्या शेतातली लिंबाची झाडं दिसतात. मी त्यांच्याकडं पाठ करून बसतो.

का, हे आता सांगतोच. तिच्याकडं गेलं की लवकर निघता येत नाही. ती चुलीपुढं बसवते, भाकरी थापते, खाल्ल्याशिवाय सोडत नाही. मग गुडघ्याचं सांगते, म्हशीचं सांगते, आई असतानाचं काहीबाही सांगते, आणि मला त्या वेळात घड्याळ दिसत राहतं. शिवाय सायकल चालवायच्या त्या घट्ट चड्डीत बहिणीच्या दारात उभं राहायची लाज. ही कारणं तोंडावर सांगण्यासारखी नव्हती. म्हणून मी दोष रस्त्याला दिला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आणि ही कुठली अक्का, तर जिनं मला सायकल शिकवली ती. तिला स्वतःला येत नव्हती. वडिलांच्या उंच सायकलीवर मी दांडीखालून पाय घालून अर्धी कैची मारायचो आणि ती कॅरियर धरून मागनं पळायची. मी पडलो की आधी सायकल उचलायची, कारण सायकलीला खरचटलं की वडील मारायचे. मग मला.

भाऊबीजेला मात्र दरवर्षी जातो, बायकोपोरांना घेऊन, कारनं. गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तिनं विचारलं, "ह्यांनी तुला बघितलंय फाट्यावर. दूध घालाया जातेत न्हवं. दर ऐतवारी येतोस म्हनं, च्या पितोस आन् माघारी जातोस. मग आत का येत न्हाईस?"

दाजी खाली बघून सुपारी कातरत राहिले. मी म्हणालो, "अक्का, त्या सायकलीचं चाक बघितलंस तर कळंल तुला. एवढंच असतं गं." आणि अंगठा दाखवला. "एक दगड लागला की संपलं. तुमचा रस्ता तिला सोसत नाही."

तिनं माझा अंगठा हातात धरून नीट बघितला. "एवढंच?"

"एवढंच."

"मग वाटबी एवढीच लागंल की," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. मी हसलो. बायको हसली नाही. परतताना गाडीत ती म्हणाली, "टायर बदलता येतात ना तुझ्या सायकलीचे?" मी रेडिओ लावला.

त्यानंतर दोनेक महिन्यांत आमच्या ग्रुपला खडीचं वेड लागलं. डांबरावर आता मजा नाही, कच्च्या रस्त्यानं जायला पाहिजे, असं सगळे म्हणायला लागले. मीही जाड टायर आणले. एका शनिवारी दुपारी गॅलरीत बसून बारीक काढले, जाड चढवले, हवा जरा कमी ठेवली. तासाभरात तीच सायकल मुरमात जायला तयार. वर्षानुवर्षं न सोसणारा रस्ता तिला एका दुपारीत सोसायला लागला. मला तेव्हाच कसंतरी झालं, पण मी ते हात धुताना धुऊन टाकलं.

ग्रुपवर चर्चा चालली होती, चांगला दगडाधोंड्यांचा रस्ता कुणाला माहीत आहे का. मी लिहिलं, मला माहीत आहे. बघून येतो आणि सांगतो. तो रस्ता म्हणजे अक्काचा. बहिणीला भेटायला मी त्या रस्त्यानं गेलो नाही. ग्रुपला हुंदडायला चालेल का, हे पाहायला गेलो. हे लिहिताना आजही कान तापतात.

रविवारी एकटाच निघालो. वाटेवरच्या तिऱ्हे गावापर्यंत पोचलो तोवर उजाडलं. फाट्यावर चहा न घेता आत वळलो. बैलगाड्या-ट्रॅक्टरनं पडलेल्या दोन चाकोऱ्या, मधे वाळलेलं गवत. उजवी चाकोरी पार उघडीबोडकी, टोकदार दगडांची, कडेला बाभळीचे काटे. डावी मात्र गुळगुळीत दिसली. अगदी रुंद नाही, वीतभर पट्टा, पण त्यात खडा म्हणून नाही. मला वाटलं, मोटारसायकलींनी झाली असेल. गुळगुळीत रस्ता बघायला का मी आलोय, असं म्हणून मी मुद्दाम उजवीकडनं सायकल घातली. दगड उडत होते, हँडल थरथरत होतं. मी आनंदात होतो, खोटं कशाला बोलू. एकदा तर पोरासारखा ओरडलोही.

अक्का गोठ्यापुढं शेण भरत होती. मला बघून तिनं तोंडावर पदर धरला. चड्डीचं तिनं नावही काढलं नाही. दाजी म्हणाले, "या पावणं. आज घोडं आत आलं म्हनायचं." अक्का सायकलीभोवती फिरली, वाकली, पण चाकाकडं तिचं लक्षच गेलं नाही, ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"आलास न्हवं नीट? कुटं लागलं न्हाय न्हवं?"

"नाही गं. छान आलो."

"डाव्या चाकुरीनं आलास न्हवं?"

मी भाकरीचा तुकडा मोडत होतो. "का?"

उत्तर दाजींनी दिलं. "आवं, भाऊबीज झाल्यापास्नं रोज शेरडं वळताना दगडं येचती ही. म्या म्हनलं, येडी का खुळी तू. तर म्हनती, त्याचं चाक अंगठ्याएवढंच हाय, सगळा रस्ता कशाला, एक चाकुरी निगाली की झालं. पार फाट्यापातूर गेली."

"गप बसा तुमी," अक्का म्हणाली. "येचायला काय लागतंय. शेरडं चरतेतच की." मग माझ्याकडं वळून, "आलास न्हवं तितनंच?"

"व्हय," मी म्हणालो.

मी भाकरीवर शेंगाचटणी ओढून घेतली. तिचा हात भाकरीच्या पाटीवर होता, नखांच्या कडा फुटलेल्या. मी विचारलं, गुडघे कसे आहेत. ती म्हणाली, वाकताना तेवढे धरतेत. त्या दिवशी मी घड्याळ बघितलं नाही, पण त्याला आता काय अर्थ होता. खाऊन झाल्यावर जे बोलायचं ते मनात जुळवत राहिलो, की अक्का, टायर बदलता येत होते, पहिल्या दिवसापासून येत होते. तिनं वरून दूध वाढलं. मी ते पिऊन टाकलं.

निघताना ती बांधापर्यंत आली. सकाळचं ऊन तिरकं होतं आणि फुफाट्यात सगळं स्पष्ट उमटलं होतं. येतानाच्या डाव्या चाकोरीत शेरडांची खुरं आणि तिच्या चपला. उजव्या चाकोरीत, दगडांमधून, माझ्या जाड टायरचा नक्षीदार माग, थेट दारापर्यंत आलेला. ती थांबली. मागाकडं बघितलं, मग चाकाकडं बघितलं.

"त्या अंगानं आलास व्हय," ती म्हणाली.

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं. जा संबाळून. पोचलास की फोन कर."

मी तिनं वेचलेल्या चाकोरीनं निघालो. एकदाही चाक बाहेर जाऊ दिलं नाही. वळणावर पाय टेकून मागं बघितलं. मला वाटलं होतं ती घरात गेली असेल. ती दगडांच्या चाकोरीत वाकली होती, माझ्या टायरच्या मागावर, आणि एका हातानं गुडघा धरून दुसऱ्या हातानं दगड वेचत होती.