फायनलच्या आधी आभार

आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळात कोणताही कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दीड तास सुरू होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, मग आणखी एक शाल, कारण पहिली चुकून उपाध्यक्षांच्या खांद्यावर गेलेली असते, आणि मग अध्यक्षांचं मनोगत. या सगळ्यातून जे उरेल तो मूळ कार्यक्रम. या प्रकाराची मी वीस वर्षं टवाळी करत आलो आहे. त्यातली चौदा वर्षं मी मंडळाचा सचिव आहे, ही गोष्ट वेगळी.

मागच्या वर्षी तरुण मुलं मंडळात का येत नाहीत यावर कार्यकारिणीची सभा झाली. सभेतला सर्वांत तरुण सदस्य मी, वय त्रेपन्न. कुणी पाठांतर स्पर्धा सुचवली, कुणी सुंदर हस्ताक्षराची. मी वैतागून म्हणालो, त्यापेक्षा टीव्हीवरची कुस्ती दाखवा. मला वाटलं हसतील. पण अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि 'मर्दानी खेळ, आपली परंपरा' असं म्हणून ठराव मांडला. ते कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी एकदा ठराव मांडला की तो मागे घ्यायची सोय नसते.

ही कुस्ती म्हणजे अमेरिकेतली, चकचकीत चड्ड्यांची. पैसे भरल्याशिवाय दिसत नाही असा एखादा मोठा कार्यक्रम त्यात मधूनमधून असतो, आणि तिकडची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. या वेळी जोड्यांची स्पर्धा होती, आठ जोड्यांची. दोघांपैकी एक आत लढतो, दुसरा दोरीबाहेर उभा राहतो. आतल्याने बाहेरच्याच्या हाताला हात लावला की मगच बाहेरच्याला आत यायची परवानगी. निकाल आधीच ठरलेला असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या मंडळाच्या निवडणुकीचंही तसंच आहे, तरी आम्ही नवे कपडे घालून मत द्यायला जातो.

मला यातलं कळतं ते माझ्या मुलीमुळे. ती सहा वर्षांची असल्यापासून आम्ही दोघं रविवारी सकाळी सतरंजीवर बसून हे पाहत आलो. ती एक जोडी निवडायची, मी दुसरी, आणि हरणाऱ्याने चहा करायचा. पुढे ती मोठी झाली, कॉलेजात गेली, आणि आमचं बोलणं जेवलीस का आणि चार्जर कुठे आहे इतक्यावर आलं. तेही ती निम्मं हिंदीत बोलायची. कुस्ती मात्र राहिली. आता तिला हैदराबादला नोकरी लागली होती आणि मंगळवारची गाडी होती. रविवारची ही शेवटची कुस्ती मला तिच्या शेजारी बसून पाहायची होती. मुलं मंडळात आली काय, न आली काय, मला खरं म्हणजे काही देणंघेणं नव्हतं.

तिने अट घातली. "पापा, भाषण नाही पाहिजे. एक पण नाही. आणि फायनल आपण सोबत पाहायची. नाही तर मी घरीच फोनवर पाहून घेते."

मी शब्द दिला. त्या शब्दासाठी मी कार्यकारिणीशी आठवडाभर भांडलो आणि सगळं एका समईवर आणि एका शालीवर आणून ठेवलं. शाल दीक्षितपुऱ्यातल्या आखाड्याच्या उस्तादांना द्यायची होती. ते ऐंशीच्या घरातले, खरी कुस्ती खेळलेले.

सकाळी सहाला हॉल भरला. तीसेक मुलं आली, जांभया देत का होईना. व्याख्यानमालेला इतकी माणसं शेवटची कधी आली होती ते इतिवृत्तात शोधावं लागेल. पडद्यावर पहिली लढत सुरू झाली आणि उस्तादांनी मला विचारलं की पंच नेमका मारामारीच्या वेळी पाठ का फिरवतो. मी म्हटलं, त्याला तेवढ्यासाठीच ठेवलेलं असतं. दुसऱ्या लढतीत मात्र त्यांनी एक मुखवटेवाला जाडा निवडला आणि तो पडला की स्वतःच्याच मांडीवर थाप मारू लागले. महिला शाखेच्या प्रमुखांनी पोह्यांची परात तशीच सोडून पुढची खुर्ची धरली. माझी मुलगी माझ्या शेजारी होती. आमच्या दोन्ही जोड्या उपांत्य फेरी जिंकल्या आणि तिने माझ्या पाठीत गुद्दा घातला. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

फायनलच्या आधी जाहिराती लागल्या आणि अध्यक्ष माझ्या कानाशी आले. म्हणाले, आभारप्रदर्शन आत्ताच उरकून घ्या. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. आभार नेहमी शेवटी असतात आणि नेहमी लोक त्याआधी उठतात. गेल्या खेपेला मी आभार मानायला उभा राहिलो तेव्हा समोर सतरंज्या गोळा करणारा एकच माणूस होता, आणि तोही मला बाजूला व्हा म्हणत होता. फायनल राहिली असताना कोण उठणार? आणि ती थांबवून ठेवायचं बटण असतं, हे अध्यक्षांना नातवाने सांगितलं होतं.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण समोर भरलेला हॉल होता. चौदा वर्षं मी आभार मानत आलो आणि चौदा वर्षं ते कुणी ऐकले नव्हते. मी मुलीला दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं म्हणून. तिने कपाळावर हात मारला.

मी प्रोजेक्टरवाल्याचे आभार मानले. वीज न गेल्याबद्दल वीज खात्याचे मानले. पोह्यांचे मानले, कांदा चिरणाऱ्यांचे वेगळे मानले. मग संस्थापकांकडे वळलो, तिथून नोकरीसाठी विदर्भ सोडून इथे आलेल्या पिढीकडे, आणि त्या पिढीत माझे वडील होते म्हटल्यावर त्यांची सायकलही आली. मुलं एकेक करून बाहेर जात होती. मला वाटलं, पाणी प्यायला जात असतील. मुलीची खुर्चीही रिकामी दिसली. तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली, आणि मला भरून आलं. पोरगी बापाचं भाषण ऐकायला परत आली. मग मी तरुण पिढीवर बोललो, आवाज चढवून, तिच्याकडे पाहून. ती गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली आणि तिने हात उंच केला. मी मान डोलावली आणि मातृभाषेचा विषय घेतला.

बाहेर एकदम आरडाओरडा झाला. अध्यक्षांना वाटलं, पोरांची जुंपली. मी 'वेळेअभावी इथेच थांबतो' म्हणालो. घड्याळात पाहिलं तर पंचवीस मिनिटं झाली होती. बटण दाबलं, फायनल सुरू झाली, आणि तेवढ्यात मुलं पोह्यांसाठी आत आली. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर एकाच्या फोनवर त्यांची ती पाहूनही झाली होती. कोण जिंकलं ते त्यांनी उस्तादांनाही सांगून टाकलं. उस्ताद शाल घडी करून उठले. अध्यक्षांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की असे आभार मंडळाच्या इतिहासात झाले नाहीत.

घरी जाताना ती स्कूटरवर मागे बसली होती. बाहेर फायनल चाललीय हे मला सांगितलं का नाहीस, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"दोनदा आली होती ना मी आत. एकदा दारातून पाहिलं, एकदा हातानं बोलावलं. तुम्ही बोलूनच राहिले होते."

मी म्हटलं, घरी जाऊन पुन्हा लावू. ती म्हणाली, आता काय, पाहून झाली, आणि बॅग पण भरायची आहे. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, इतकी मुलं त्या पायऱ्यांवर मावली कशी.

"दाटीनं बसले सगळे," ती म्हणाली. "माझ्या बाजूची जागा तेवढी मी ठेवली होती. शेवटपर्यंत कोणाला बसू नाही दिलं."