समुद्रावरची धूळ

नरसय्या गेल्याची बातमी त्याच्या अक्काने छापखान्यात येऊन सांगितली. विषमज्वराने गेला. कापडात बांधलेली एक वही तिने माझ्या टेबलावर ठेवली. "तुमालाच द्या म्हनला. पन मी गेल्यामागनं द्या म्हनला."

आम्ही एका वर्गातले. त्याच्या घरी माग. टोपीपासून पाटीपर्यंत सगळ्याला सूत चिकटलेले. मी वर्तमानपत्रात लागलो, तो मुंबईहून एका संशोधन जहाजावर गेला. तिथल्या साहेबाजवळ हवेतली धूळ मोजायचे यंत्र होते. पंपाने हवा ओढली की धूळ काचेच्या चकतीवर चिकटे. मग भिंगाखाली कण मोजायचे. धुराड्याचा धूर टाळायला हे काम जहाजाच्या पुढच्या टोकाला, वाऱ्याकडे तोंड करून चाले. किनाऱ्यापासून कित्येक दिवस दूर, तरी हवेत आपल्या सोलापूरच्या गिरणीभागाइतकी धूळ सापडते, असे त्याने पत्रातून कळवले. मी लेख लिहिला. त्याचे खिळे जुळवून प्रूफ काढले होते, तेव्हा नरसय्या रजेवर आला. मी प्रूफ त्याच्या हाती दिले.

"वाच रे. चूक असेल तर आत्ताच सांग."

त्याने अथपासून इतिपर्यंत वाचले. 'शास्त्रज्ञ' हा शब्द खोडून 'मदतनीस' लिहिले. "मी नुसता मोजतो की."

या प्रामाणिकपणाचे कौतुक मी गावभर केले...

लेख छापून आल्यावर हायस्कुलातल्या विज्ञानाच्या मास्तरांनी समुद्रावर एवढी धूळ अशक्य असल्याचे पत्र पाठवले. मी ते छापले आणि खाली उत्तर दिले: ज्यांनी शेजारच्या होटगी स्टेशनापलीकडे पाऊल टाकले नाही, त्यांनी समुद्राविषयी बोलू नये. वर्गातली मुले त्यांना 'होटगी मास्तर' म्हणू लागली. नरसय्या तेव्हा सोलापुरातच होता. तोही हसला होता.

वहीत एका पानावर सगळे आकडे खोडलेले आहेत. खाली लिहिले आहे: "चकती घरच्या कापडाने पुसत होतो. मोजले ते सूत. साहेबांना सांगितले." तारीख रजेच्या तीन आठवडे आधीची आहे.

साहेबाला सांगितले. मला नाही.

मी मास्तरांकडे गेलो. वही पाहून ते म्हणाले, "काच कशाने पुसतोस, एवढं तरी तुम्ही विचारायचं होतंत."

त्या लेखातील धुळीचे आकडे चुकीचे होते आणि मास्तर बरोबर होते, हे इथे नोंदवतो. लेखाचे प्रूफ अजून माझ्या खणात आहे. नरसय्याने त्यात एकच शब्द खोडला आहे. आकड्यांच्या ओळीला पेन्सिल लागलेली नाही.